पुढची सीट

३ मार्च

सकाळी दुकानात गेलो. दिवसभर चष्म्याच्या काचा घासल्या. दुपारी डबा खाल्ला. संध्याकाळी मास्तर येऊन गेले. जेवून भांडी विसळली.

एवढं लिहून वही मिटणार होतो. पण मुलीने बजावलं आहे की नुसतं काय झालं ते लिहायचं नाही, काय वाटलं तेही लिहायचं. डिसेंबरात ही गेली तेव्हापासून मुलगी रोज फोन करते आणि मी 'हं' आणि 'बरं' याच्या पुढे जात नाही. मागच्या खेपेला तिने वही आणून टेबलावर ठेवली. म्हणाली, "बाबा, माझ्याशी बोलत नाहीस तर नको बोलूस. कागदाशी तरी बोल."

तर मास्तर. हे आमच्या सायकल मंडळाचे प्रमुख. शाळेत कवायत शिकवायचे, म्हणून मास्तर. आले ते टोपी हातात घेऊन खुर्चीच्या कडेवर बसले. म्हणाले, "कमिटीने एकमताने ठरवलंय. तुमची जोडसायकल मंडळाच्या खोलीत दारासमोरच्या भिंतीवर लावायची. खाली पितळी पाटी, वहिनींच्या नावाची. बारा एप्रिलला मोठी चढाई निघते, त्या दिवशी सगळ्यांसमोर. तुमची काही हरकत?"

मी म्हणालो, "बरं."

मास्तरांचे डोळे भरून आले. मी पाणी आणून दिलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता, बराच वेळ. माणूस चांगला आहे.

काय वाटलं: चांगलं वाटलं. हिची आठवण लोकांना आहे. मग ते गेल्यावर जिन्याखाली सायकल उभी असते तिथे गेलो. चेनवर धूळ बसली होती. ती फडक्याने पुसली. पुसताना वाटलं, 'बरं' जरा लवकर म्हणालो.

८ मार्च

रविवार. रविवारी आम्ही घाटात जायचो. आज गेलो नाही. कपडे धुतले.

जोडसायकल म्हणजे एकच लांब सायकल, तिला पुढे-मागे दोन सीट आणि पायडलच्या दोन जोड्या. पुढे ही बसायची, मागे मी. लग्नानंतर काही वर्षांनी ती घेतली तेव्हा हिने विचारलं होतं, "पुढे कोण?" मी म्हणालो, "तूच बस." झालं. ब्रेक, गिअर, घंटी, सगळं पुढे. मागचं हँडल वळत नाही, ते नुसतं धरायला असतं. मागच्याला समोरचं काही दिसत नाही, म्हणून पुढच्याने बोलायचं असतं. खड्डा. वळण. गाडी. दम. सोड. हिने 'वळण' म्हटलं की मी अंग टाकायचो आणि सायकल वळायची.

रस्त्यावरचे लोक चेष्टा करायचे. "अहो ताई, मागचे काका झोपले की काय?" ही मागे न बघता सांगायची, "झोपू द्या, रात्रपाळी करून आलेत." मंडळात हिला घाटाची राणी म्हणत. मला काही म्हणत नसत, ते मला सोयीचं होतं.

त्या घाटातलं मला सगळ्यात नीट माहीत आहे ते म्हणजे हिची पाठ. निळं जाकीट, डाव्या खांद्यावर फाटलेलं, काळ्या दोऱ्याने शिवलेलं. निळा दोरा घरात होता, पण हिला शोधायचा कंटाळा.

डॉक्टर म्हणाले होते, हृदयाचं जुनं दुखणं असणार, बऱ्याच वर्षांचं. त्यांना तसं म्हणावं लागत असेल. हिला कसलंच दुखणं नव्हतं. नोव्हेंबरअखेर हिवाळ्यासाठी घाट बंद होईपर्यंत दर रविवारी ही मला वर घेऊन जात होती.

आज कपडे वाळत घालताना एक ठरवलं. सायकल भिंतीवर जाण्याआधी एकदा मी पुढच्या सीटवर बसून घाट चढणार. हिला समोर काय दिसायचं ते बघायचं आहे. कुणाला सांगितलेलं नाही.

११ मार्च

पडलो.

दुकानातून लवकर आलो आणि सायकल गल्लीत काढली. पुढे बसलो. सरळ रस्त्यावर ठीक चाललं होतं. कोपऱ्यावर शिंप्याचं दुकान आहे, तिथे डावीकडे वळायचं होतं. मी मनात 'वळण' म्हटलं, हँडल घट्ट धरलं आणि अंग टाकलं, अगदी नेहमीसारखं. सायकल सरळ शिंप्याच्या पाटीवर गेली.

शिंपी बाहेर आला. मला उठवलं, मग पाटी उठवली. "काका, वळायचं होतं ना?"

"वळलो की," मी म्हणालो.

"तुम्ही वळलात हो. सायकलला कोण सांगणार?"

तेव्हा लक्षात आलं की पुढचं हँडल वळवावं लागतं.

पॅन्ट गुडघ्यावर फाटली होती. शिंप्याने मला आत बसवून गुंडाळायला चादर दिली आणि तिथल्या तिथे पॅन्ट शिवून दिली. मी चादर लावून स्टुलावर बसलेलो असताना दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. शिंप्याने त्यांना काही सांगितलं नाही, जणू असा एक माणूस त्याच्याकडे रोज बसलेला असतो. याबद्दल त्याचा फार आभारी आहे.

आणखी एक. पुढची सीट हिच्या उंचीची आहे. मला फार खाली पडते, पायडल मारताना गुडघे हँडलला लागतात. पाना घेतला आणि परत ठेवून दिला.

१५ मार्च

मेहुणी आली होती. हिची धाकटी बहीण. शहरातल्या बसवर ड्रायव्हर आहे, त्यामुळे घरातही इंजिनाच्या वर आवाज काढून बोलते. दारातून आत येतानाच तिने मला लंगडताना पाहिलं.

"भावोजी, काय झालं?"

"पडलो."

"कशावरून?"

"सायकलवरून."

"कुठल्या सायकलवरून?"

उत्तर द्यायची गरज पडली नाही. ती जिन्याखाली जाऊन हँडलवरचा ओरखडा बघून आली. मग समोर बसली आणि मला बोलतं केलं. प्रवाशाकडे तिकीट मागताना कंडक्टर जसा बघतो, तसं ती बघते. मी सगळं सांगितलं.

"एकट्याने ही काठीसारखी लांब सायकल घाटात नेणार? बरे आहात ना? मी येते. मी पुढे बसते. रोज एवढी मोठी बस वळवते मी, हिला काय लागतंय."

"पुढे मी बसतो," मी म्हणालो.

ती गप्प झाली. असं क्वचित होतं. मग म्हणाली, "भावोजी, मी आयुष्यात कधी मागे बसले नाही. नवऱ्याच्या स्कूटरवरसुद्धा नाही. लग्नात फोटोग्राफर म्हणाला मागे उभी राहा, तर त्यालाच मागे पाठवला."

तरी बसली.

नदीकाठच्या रस्त्याला गेलो. मागून अखंड सूचना. डावीकडे घ्या, घंटी वाजवा, तो म्हातारा बघा, बघितलात का म्हातारा. तिला दिसत काहीच नव्हतं, तरी सूचना चालूच. मग एक खड्डा आला. मला चांगला दिसला. मी सीटवरून जरा उठलो आणि तो जाऊ दिला. मागे तिचे दात वाजलेले ऐकू आले.

"थांबवा," ती म्हणाली. थांबवली. "खड्डा होता."

"हो, मला दिसला."

"तुम्हाला दिसला हो. मला तुमचा शर्ट दिसत होता. सांगायचं कुणी?"

मी 'चुकलं' म्हणालो. पुढच्या खड्ड्यालाही सांगायचं राहिलं. बोलायचं मनात असतं, पण शब्द येईपर्यंत खड्डा मागे पडतो.

घरी आल्यावर मी पाणी आणायला आत गेलो. परत आलो तर मेहुणीने पाना घेऊन पुढची सीट वर करून ठेवलेली. सीटखालच्या नळीचा इतकी वर्षं आत राहिलेला तुकडा वर आला होता, चकचकीत पट्ट्यासारखा. मी बघत उभा राहिलो.

"गुडघे फुटतील तुमचे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "ताईने मला झापलं असतं."

नंतर एक चक्कर मारून बघितली. पाय सरळ होतात आता. तिचे आभार मानायला हवे होते. इथे मानतो.

२२ मार्च

दोन गोष्टी झाल्या. आधी हसण्यासारखी.

बोलायची सवय व्हावी म्हणून मी दुकानात मागच्या खोलीत काम करताना सराव करत होतो. काच चाकावर धरायची आणि म्हणायचं, खड्डा. वळण डावीकडे. गाडी येतेय. दम. यंत्राच्या आवाजात बाहेर ऐकू जाणार नाही असं मला वाटलं होतं. गुरुवारी काउंटरवरच्या बाईंनी मालकांना बोलावलं. मालक पडदा बाजूला करून हळूच आत आले आणि म्हणाले, "आज घरी जायचंय का तुम्हाला? आराम करा थोडा."

मग मला सांगावं लागलं. मंडळ, भिंत, पुढची सीट, सगळं. या दुकानात मी एका वेळी एवढं कधी बोललो नव्हतो. मालक स्टूल ओढून बसून ऐकत होते, बाई पडद्यात उभ्या. शेवटी बाई म्हणाल्या, "मग जरा मोठ्याने करा की सराव, आम्हालाही ऐकू दे." आता मी 'गाडी' म्हटलं की त्या बाहेरून 'गेली' म्हणतात. गिऱ्हाईक असलं तरी.

दुसरी गोष्ट आजची. मेहुणीला सुट्टी होती, घाटात गेलो. पहिली काही वळणं बरी गेली. मेहुणीने गिअरचं एक शिकवलं आहे: चढ दिसला की आधीच उतरवायचा, चढावर जाऊन नाही, नाहीतर चेन ओरडते. त्याचा उपयोग झाला. पण पाचव्या वळणाला डोंगराचा आडोसा संपतो. पुढचा तुकडा सगळ्यात उभा आणि एका बाजूने पूर्ण उघडा. त्याला उघडं वळणच म्हणतात. वारा तिथे बारा महिने असतो. वळणावर पोचलो आणि वाऱ्याने पुढचं चाक दरीच्या बाजूला ढकललं. मला तोंडातून आवाज काढता आला नाही. ब्रेक दाबले. दोघंही उतरलो. पलीकडे दोन हातांवर कठडा होता.

मेहुणीने सायकल वळवली आणि आम्ही चालत खाली आलो. आडोशाला आल्यावर ती म्हणाली, "पुढच्या वेळी."

मला भीती वाटली. ही तिथे कशी न्यायची कळत नाही. मागे बसल्यावर तो वारा असा नसायचा. अर्थात शेवटची दोन-तीन वर्षं तिथे वारा बराच वाढला होता. सायकल एकदम जड व्हायची, अर्धं वजन वाढल्यासारखी. मी खाली मान घालून जोर लावायचो, सगळं अंग भिजायचं. मला वाटायचं, माझं वय. हिला विचारलं तर म्हणायची, "वारा आहे रे, मार तू." हिला पुढे बसून तो छातीवर घ्यावा लागत होता, त्या मानाने माझं काहीच नाही.

जमेल असं वाटत नाही.

२८ मार्च

मास्तरांचा फोन. भिंतीत भोकं पाडून झाली, हुक उद्या बसतील. सहा तारखेला सायकल न्यायला येतो म्हणाले, पॉलिश करायला. "आणि चेन काढावी लागेल हं. भिंतीला तेलाचे डाग पडतात. ब्रेकच्या ताराही काढू, लोंबतात."

मी म्हणालो, "बरं."

फोन ठेवल्यावर स्वतःचा राग आला. चेन काढलेली सायकल कशी दिसेल ते डोळ्यांसमोर आलं. पण मास्तर किती मनापासून करत आहेत. स्वतः शिडीवर चढून भोकं पाडली म्हणे, या वयात. त्या माणसाला नाही कसं म्हणणार. आणि नाही म्हणून करायचं काय? पाचव्या वळणापर्यंत जायचं आणि चालत परत यायचं?

मेहुणीला कळवलं. ती म्हणाली, "उद्या मला सुट्टी मिळायची नाही, म्हणजे पाच तारखेचा रविवारच राहिला. मी पाळी बदलून घेते."

५ एप्रिल

आज जरा जास्त लिहिणार आहे.

सकाळी निघालो तेव्हा खाली पानही हलत नव्हतं. मेहुणीने ड्रायव्हरचा खाकी शर्ट घातला होता. म्हणाली, त्यात तिला धीर येतो.

पायथ्याला थांबून चाकांतली हवा बघितली. हँडलवर हिने लावलेला छोटा गोल आरसा आहे, मागून येणाऱ्या गाड्यांसाठी. आजवर मी कधी त्यात बघितलं नव्हतं, कारण ती पुढच्याची वस्तू. आज बघितलं तर त्यात रस्ता दिसेना, मेहुणीचं तोंड दिसत होतं. तो मागच्या सीटकडे वळलेला होता. त्या दिवशी पडलो तेव्हा फिरला असणार. सरळ करायला गेलो तर स्क्रू गंजून पक्का बसलेला, जरासुद्धा हलेना. मग पडताना कसा फिरला कोण जाणे. तसाच ठेवला. एका अर्थी बरंच झालं, मेहुणी दमली की नाही ते दिसत होतं.

पहिल्या चढापासून बोलायला सुरुवात केली. खड्डा. वळण उजवीकडे. बारीक खडी. गाडी, मोठी. दम घे. दुकानातल्या सरावाचा फायदा झाला. 'गाडी' म्हटल्यावर 'गेली' ऐकू येत नाही याचं आधी चुकल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या वळणाच्या पुढे गाड्या कमी झाल्या, खड्डेही नव्हते. तरी मागून मेहुणी म्हणाली, "बोलत राहा, भावोजी. नाहीतर मला वाटतं तुम्ही मला सोडून पुढे गेलात." मग जे दिसेल ते सांगत गेलो. डावीकडे पिवळी फुलं. मैलाचा दगड, वरचा आकडा पुसलाय. बकऱ्या, वरच्या कडेला. एक ढग, लहान.

आणि सांगता सांगता आठवलं की ही पण सांगायची. पहिली कित्येक वर्षं ही घाटभर बोलत असायची. कोणत्या झाडाला पालवी आली, कोणाच्या गच्चीवर कुणाचं काय वाळतंय, सगळं. मी 'हं' करायचो. नंतर नंतर ते कमी झालं. शेवटी तर नुसतं 'खड्डा', 'वळण', तेही तुटक. मला वाटायचं, सगळं सांगून झालं असेल. रस्ता तोच, नवीन काय सांगणार.

पाचवं वळण आलं. आधीच गिअर उतरवला. आडोसा संपायच्या आधी मी म्हणालो, "आता वारा येईल. डावीकडून. मी म्हणालो की डावीकडे झुकायचं, आणि मी सोड म्हणेपर्यंत सोडायचं नाही."

"बरं," मेहुणी म्हणाली. तिच्या तोंडून तो शब्द ऐकून मजा वाटली.

वारा आला. तो ढकलतो असं म्हणतात ते खरं नाही, तो टेकतो. अंगाने मोठा माणूस बाजूने येऊन टेकावा तसा, आणि मग एकदम बाजूला होतो, तेव्हा पडायला होतं. मी ओरडत होतो. झुक. झुक. अजून. थोडं सोड. आला, झुक. स्वतःचा आवाज मला ओळखू येत नव्हता. चढ इतका उभा की पुढचं चाक हलकं लागत होतं. कठड्याकडे बघायचं नाही, समोर पाच हातांवर बघायचं, एवढं ठरवलं होतं. पाय नेहमीसारखेच चालले होते, त्यांना पुढे-मागे काय कळतंय. आरशात मेहुणीने डोळे मिटून घेतलेले दिसत होते.

मग वळण संपलं. मी 'सोड' म्हणालो.

पुढे खिंडीपर्यंत सरळ रस्ता आहे. तो समोरून मी पहिल्यांदा बघितला. विशेष काही नाही. करडा रस्ता, वर जाऊन निमुळता होतो आणि शेवटी त्याच्या टोकाला आभाळ लागतं. हिला दर रविवारी हे दिसायचं. कितीतरी वेळ काही बोललो नाही, मेहुणीनेही आठवण केली नाही.

वर एक चहाची खोली आहे, दगडाची. ती चालवणाऱ्या बाई घाट बंद असतो तेव्हा खाली मुलाकडे जातात आणि मार्चअखेर परत येतात. त्यांना काही माहीत नव्हतं.

"आज मॅडम पुढे नाहीत?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. मेहुणी सांगायला निघाली होती, पण मीच सांगितलं. बाई हातातली किटली खाली ठेवून बाकावर बसल्या. मग त्यांनी चहा केला, आमच्याबरोबर स्वतःलाही ओतला.

"फार गोड बाई," त्या म्हणाल्या. "तुम्ही इकडे आत चहा सांगायला यायचात ना, तेव्हा त्या तिथे खांबाला टेकून उभ्या राहायच्या. बराच वेळ. मी म्हणायचे, मॅडम, बसा की. तर म्हणायच्या, माझं काय, इंजिन मागे आहे, मी नुसती घंटी वाजवते."

हिचा स्वभावच तो. स्वतः करायचं आणि मोठेपणा दुसऱ्याला द्यायचा. आणि वारा खायला आवडायचा हिला, म्हणून खांबापाशी थांबत असेल. मी तसं बाईंना म्हणालो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "हो, तसंच असेल."

मेहुणी खोलीबाहेर गेली होती. मी गेलो तेव्हा ती त्या खांबापाशीच उभी होती. "भावोजी," ती म्हणाली, "ताईला ना..." आणि थांबली. वाऱ्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"काय?"

"काही नाही. ताईला आज मजा वाटली असती."

"हो," मी म्हणालो. "आणि तू होतीस म्हणून जमलं. मागून फार जोर लावलास."

तिने माझ्याकडे बघितलं. "भावोजी, पाचव्या वळणानंतर माझे पाय नुसते पायडलवर होते. मांड्यांत गोळे आले होते. शपथ."

मी तिला म्हणालो, असं सगळ्यांना वाटतं, लावताना जोर कळत नाही. तिचा स्वभाव असा लाजरा नाही, आजच काय झालं कळलं नाही. दोघी बहिणी सारख्याच.

उतरताना ब्रेक दाबून हात दुखले. आत्ता लिहितानाही दुखतायत. आज ज्यांचे ज्यांचे आभार मानायचे ते मोजायला बसलो तर शिंप्यापासून सुरुवात करावी लागेल. आणि हिचे. इतकी वर्षं हिने मला तिथून नेलं, तेही बोलत बोलत. मला आज एकदाच करून कळलं की ते किती अवघड आहे.

६ एप्रिल

मास्तर सायकल न्यायला टेम्पो घेऊन येणार होते. त्याआधीच मी दुकानातून परस्पर मंडळाच्या खोलीवर गेलो. मास्तर पाटी घासत बसले होते.

मी दारातच उभा राहिलो. वाक्य वाटेत तयार केलं होतं. बसलो असतो तर राहून गेलं असतं.

"मास्तर, सायकल भिंतीवर लावायची नाही."

मास्तर चष्म्यावरून बघायला लागले. "का? काय झालं? पाटी छोटी वाटते का?"

"पाटी छान आहे. मला अजून जायचंय तिच्यावरून."

"तुम्हाला? पण तुम्ही तर मागे..."

"काल पुढे बसून वर जाऊन आलो."

मास्तरांनी पाटी खाली ठेवली. त्यांना वाईट वाटलं ते दिसत होतं, आणि मला ते बघवत नव्हतं. नेहमीसारखं 'बरं, राहू दे' तोंडापर्यंत आलं. पण काल दिवसभर बोलून तोंडाला सवय झाली होती बहुतेक. मी म्हणालो, "मास्तर, तुम्ही हिच्यासाठी एवढं केलंत, ते मी विसरणार नाही. पण चेन काढू देणार नाही मी."

मग एकदम भिंतीकडे हात करून म्हणाले, "आणि ही भोकं? शिडीवर चढून पाडलीत मी. बायको अजून बोलत नाही माझ्याशी."

"भोकं मी बुजवतो."

"ते राहू दे. मागे कोण बसणार तुमच्या?"

"मेहुणीला सुट्टी असेल तेव्हा मेहुणी. नसेल तेव्हा तुम्ही."

"मी? मागे?" मास्तर म्हणाले. "मंडळाचा प्रमुख मी."

"तुम्हाला काही करावं लागणार नाही. मी सगळं सांगतो."

ते हसायला लागले. कशाला हसले ते नीट कळलं नाही. इतकी वर्षं या माणसाला ओळखतो, मी काही बोललो आणि ते हसले असं आठवत नाही. पाटीचं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, पाटी राहू दे, नुसती. हिचं नाव आहे त्यावर.

घरी येऊन मुलीला फोन केला. तिच्या फोनची वाट बघितली नाही. तिने घाबरून विचारलं, "बाबा, काय झालं?" मी पहिल्या वळणापासून सांगायला सुरुवात केली.

७ एप्रिल

दुकानातून येताना भोकं बुजवायला लांबीचा डबा आणि ती फिरवायला पातळ पत्र्याची पट्टी घेतली. मंडळाच्या खोलीची किल्ली मास्तरांनी दिली होती. खोलीत कुणी नव्हतं. खिडकी उघडली, उजेड पुरेसा होता.

हुक पिळून काढले. भोकं मास्तरांनी चांगली खोल पाडली आहेत, एक जरा तिरकं गेलंय. फुंकर मारून चुरा काढला, आत बोटाने पाणी लावलं, लांबी दाबून भरली. वर पट्टी फिरवली. काच घासताना करतो तसं डोळे मिटून बोट फिरवून बघितलं, कड लागत होती. परत एकदा हात दिला. वाळली की पॉलिश पेपर मारायला हवा, उद्या येईन.

शिडी कोपऱ्यात लावली. पट्टी नळाखाली धुतली, पुसली, खिशात ठेवली आणि खिडकी लावून घेतली.